मध्येच थांबणारे व्याख्यान : मानसशास्त्राच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे सहा महिने

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ताणतणावाच्या प्रकरणावरचे अठरा मिनिटांचे व्याख्यान मी लावले आणि ते कुठेही न थांबता शेवटपर्यंत चालले, तेव्हा टॅब बिघडला असेच मला प्रथम वाटले. टॅब बंद करून पुन्हा चालू केला, ॲप काढून पुन्हा टाकले, शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर लावून पाहिले; सगळीकडे तोच प्रकार. ऑगस्टपासून दर पाच-सहा मिनिटांनी व्याख्यान थांबत असे, पडद्यावर एक प्रश्न येत असे आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नसे. नव्या अपडेटमध्ये हे प्रश्न व्याख्यानातून काढून ‘सराव’ नावाच्या वेगळ्या पानावर टाकले होते, आणि ते सोडवणे ऐच्छिक केले होते. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात त्या प्रास्ताविक मानसशास्त्राचा हा अभ्यासक्रम मी सहा महिने केला. त्याविषयी लिहायला बसले ते या एका बदलामुळे, आणि लिखाणाचा बराचसा भाग त्याच्यावरच जाणार आहे.

मी कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. गेल्या जूनमध्ये विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचे काम माझ्याकडे आले. ज्या विषयाचा आपल्याला गंधही नाही त्यात मुलांना सल्ला द्यायचा, हे मनाला पटेना, म्हणून अभ्यासक्रम शोधू लागले. महिन्याला १,१०० रुपये किंवा सहा महिन्यांचे एकदम ५,४०० रुपये असे दोन पर्याय होते. एकदम भरले तर बाराशे रुपये वाचतात, हा हिशेब करून मी दुसरा पर्याय घेतला. त्याच महिन्यात घराच्या गच्चीचे गळतीचे काम निघाले होते, त्यामुळे ही रक्कम भरताना हात थोडा थबकला होता, हेही सांगायला हवे. व्याख्याने इंग्रजीत, खाली इंग्रजी उपशीर्षके, तेरा आठवडे, दर आठवड्याला चाचणी आणि शेवटी परीक्षा; असे अभ्यासक्रम ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रचना ठाऊक आहे.

शाळा, घर आणि तपासायच्या वह्या यांतून वेळ काढायचा तर तो स्वयंपाकघरातच निघणार होता. टॅब ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायचा आणि भाकरी थापता थापता व्याख्यान ऐकायचे, असा बेत मी केला होता. पहिल्याच संध्याकाळी तो मोडला. काठवटीत भाकरी अर्धी थापलेली, तवा तापलेला, दोन्ही हात पिठाचे, आणि प्राध्यापक वाक्य संपवून गप्प. पडद्यावर प्रश्न आणि चार पर्याय. हात धुवायचे, पुसायचे, उत्तर द्यायचे, पुन्हा पिठात हात घालायचे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तव्यावरची भाकरी करपली तेव्हा मी रागाने कंपनीला पत्र लिहिले की, पैसे भरून शिकणाऱ्या प्रौढ माणसांना शाळकरी मुलांसारखे अडवून धरू नये, प्रश्न ओलांडून पुढे जाण्याची सोय द्यावी. आठवड्याने नेहमीच्या साच्यातले उत्तर आले आणि मी तो विषय सोडून दिला. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत माझे मत असे होते की विषय चांगला आहे, प्राध्यापक चांगले आहेत, आणि हे प्रश्न म्हणजे शुद्ध छळ आहे.

मत बदलायला सुरुवात झाली ती अध्ययनाच्या प्रकरणात. अन्नाची खूण मिळताच लाळ गाळू लागणारे पाव्हलॉव्हचे कुत्रे, हा भाग बी.एड.ला वाचलेला होता, त्यामुळे मी थोडी बेफिकीर होते. मग प्रश्न आला : गाडीत बसल्यावर पट्टा लावेपर्यंत ‘टी-टी’ असा आवाज होत राहतो आणि पट्टा लावताच थांबतो, त्यामुळे माणसाला पट्टा लावण्याची सवय लागते, हा कशाचा नमुना? मी ‘शिक्षा’ असे उत्तर दिले. चूक. उत्तर होते ‘ऋण प्रबलन’, कारण इथे एक त्रासदायक गोष्ट निघून जाते आणि त्यामुळे वर्तन वाढते, तर शिक्षेने वर्तन कमी होते. वीस वर्षे शिक्षकी केलेल्या मला हा फरक माहीत नव्हता. त्या दिवशी कंदिलाएवढ्या ठळकपणे लक्षात राहिले ते हे एक उत्तर. त्याच व्याख्यानातले बाकीचे पंधरा मिनिटांचे बोलणे दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये आठवायचा प्रयत्न केला तर हाती जवळजवळ काही लागले नाही.

पुढच्याच आठवड्यात स्मृतीचे प्रकरण होते आणि त्यात याचे कारण सापडले. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, काही काळाने त्या पुन्हा पाठ केल्या, आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजले. त्याने हे काम १८८५ साली प्रसिद्ध केले. त्या मापाला ‘बचत’ म्हणतात, आणि पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या मला हा शब्द फार आवडला. वीस मिनिटांनी ही बचत सुमारे ५८ टक्के होती, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के आणि एकतीस दिवसांनी सुमारे २१ टक्के. म्हणजे सर्वांत मोठी गळती पहिल्या दिवसातच होते. त्यानंतर आला रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. नंतर काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, तर काही उतारे न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यांचे ८१ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिलेल्यांचे ७५ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा हेच आकडे ४२ आणि ५६ झाले. वाचून वाचून आपल्याला सगळे येते असे वाटते, पण आठवडा उलटल्यावर आठवण्याचे कष्ट घेतलेलेच अधिक टिकते. हे सांगून प्राध्यापक थांबले आणि पडद्यावर प्रश्न आला. या वेळी मी मुकाट्याने हात धुतले.

तेव्हापासून मी व्याख्यानाची वेळच बदलली. भाकऱ्या आटोपल्या की ओटा पुसून, जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन रोज एकच व्याख्यान, आणि प्रश्न आला की पर्याय हाताने झाकून आधी आपले उत्तर वहीत लिहायचे. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखणे सोपे असते, ते आपल्या डोक्यातून काढणे अवघड, आणि ते अवघड कामच उपयोगाचे असते. नोव्हेंबर संपेपर्यंत माझ्या वहीत दीडशेच्या वर प्रश्नोत्तरे झाली होती.

शाळेतही त्याचा वापर केला. आठवीच्या इतिहासात १८५७च्या लढ्याचा पाठ आहे. पूर्वी मी तो शिकवून झाल्यावर मुलांकडून पुन्हा मोठ्याने वाचून घेत असे. या वर्षी दर दहा मिनिटांनी पुस्तके मिटायला लावली आणि ‘आत्ता काय झाले ते तीन ओळींत लिहा’ असे सांगितले. पहिल्या दिवशी वर्गात कुजबुज झाली, एक मुलगी म्हणाली, “बाई, अजून पाठ केलं नाही की हो.” मी म्हटले, “पाठ करू नकोस, जे उरलंय तेवढंच लिही.” तिने मीरत, बराकपूर आणि मंगल पांडे एवढेच लिहिले, आणि तेही क्रम उलटा करून. दिवाळीच्या सुट्टीनंतर तोच पाठ विचारला तेव्हा तिला क्रम बरोबर सांगता आला, कारण तो तिने चुकवून दुरुस्त केलेला होता. एका वर्गावरून मी कसलाही सिद्धान्त मांडत नाही. तुलनेला दुसरी तुकडी नव्हती आणि तपासणारीही मीच होते. इतके सावधपणे बोलायला मला याच अभ्यासक्रमाच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणाने शिकवले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. मेंदूवरची व्याख्याने उत्तम आहेत. १९५३ साली अपस्माराच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या घटना लक्षात ठेवण्याची शक्ती गमावलेल्या हेन्री मोलेसन यांची हकीकत ज्या आस्थेने सांगितली आहे, ती मी दोनदा पाहिली. आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे कौशल्य त्यांचा हात दिवसागणिक शिकत गेला आणि आपण हे पूर्वी केले आहे याची त्यांना मात्र आठवण नव्हती, हे ऐकून स्मृती ही एकच वस्तू आहे ही माझी समजूत गेली. सामाजिक मानसशास्त्राचा भाग जुना झाला आहे. काही विद्यार्थ्यांना पहारेकरी आणि काहींना कैदी बनवलेला स्टॅनफर्डचा १९७१ सालचा तुरुंगाचा प्रयोग दोन आठवड्यांसाठी ठरला होता आणि सहा दिवसांत थांबवावा लागला, एवढे सांगून व्याख्यान पुढे जाते. पहारेकऱ्यांना कसे वागायचे याच्या सूचना दिल्या होत्या, हे मूळ कागदपत्रांतून पुढे आले आहे आणि त्यावर २०१९ साली लेखही प्रसिद्ध झाला आहे. त्याचा उल्लेख नाही. मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा सुमारे ३६ टक्क्यांतच लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणता येणार नाहीत असे, निष्कर्ष आले, हे २०१५ सालचे मोठे काम संशोधनपद्धतीच्या प्रकरणात सांगितले आहे, मग तीच कसोटी पुढच्या प्रकरणांना का लावली नाही, असा प्रश्न मला पडला.

पुस्तक विकत घेऊ नका. ओपनस्टॅक्स या अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या प्रकल्पाचे मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक मोफत मिळते आणि प्रकरणांचा क्रमही बराच जुळतो. इंग्रजी संज्ञांनी अडखळायला होत असेल तर बालभारतीची अकरावी आणि बारावीची मराठी मानसशास्त्राची पुस्तके शेजारी ठेवावीत. मला त्यांची फार मदत झाली. ज्या कामासाठी मी हे शिकायला घेतले त्याविषयीही स्पष्ट सांगते : हा अभ्यासक्रम करून कोणीही समुपदेशक होत नाही. मला एवढेच कळू लागले की कोणते मूल माझ्याशी बोलून मोकळे होईल आणि कोणाच्या पालकांना बोलावून तज्ज्ञाकडे पाठवायला हवे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आता आमच्या शिक्षकदालनातल्या फलकावर लिहिलेला आहे.

आता पुन्हा जानेवारीकडे येते. मी कंपनीला लिहिले की, प्रश्न पूर्वीसारखे व्याख्यानात आणावेत, निदान ज्यांना हवे त्यांच्यासाठी तशी कळ द्यावी. दोन दिवसांनी उत्तर आले की ‘सराव’ पानावर सर्व प्रश्न उपलब्ध आहेत. मी पुन्हा लिहिले की, प्रश्न कुठे ठेवला आहे यालाच महत्त्व आहे, शेवटी एकगठ्ठा ठेवलेले ऐच्छिक प्रश्न दमलेला माणूस सोडवत नाही, आणि तुमच्याच सातव्या आठवड्याच्या तिसऱ्या व्याख्यानात याचे कारण दिले आहे. त्यावर पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या पत्रात मी उरलेल्या दिवसांचे पैसे परत मागितले. या वेळी उत्तर देणाऱ्या व्यक्तीने माझी जुनी पत्रे उघडून पाहिली असावीत, कारण तिने लिहिले की, हा बदल विद्यार्थ्यांच्या मागणीवरूनच केला आहे, आणि खाली माझीच ऑगस्टमधली तक्रार जोडली होती. माझ्या एका पत्राने त्यांनी रचना बदलली असेल असे मला वाटत नाही, पण ते पत्र वाचून मी बराच वेळ गप्प बसले. माझ्यासारखी पत्रे अनेकांनी लिहिली असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांनी स्मृतीच्या प्रकरणाआधीच लिहिली असतील. शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात जे नकोसे वाटते ते काढून टाकण्यापूर्वी शिकवणाऱ्याने चौथ्या महिन्यात त्यालाच पुन्हा विचारायला हवे होते. दुकानदाराने गिऱ्हाईकाचे ऐकावे हे ठीक. शिक्षकाला तेवढ्यावर थांबता येत नाही, हे मी वर्गात रोज अनुभवते.

पैसे परत मिळाले नाहीत. एक महिन्याची मुदत वाढवून मिळाली, ती मी घेतली.

शेवटची पाच प्रकरणे मी माझ्या पद्धतीने केली. वाणसामानाच्या जुन्या बिलांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांचे पत्ते केले, स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ सहा मिनिटांवर लावले, आणि ते वाजले की व्याख्यान हाताने थांबवून, ऐकलेल्या भागावर एक प्रश्न आपणच तयार करून पत्त्याच्या एका बाजूला लिहिला, उत्तर दुसऱ्या बाजूला. स्वतः प्रश्न काढणे हे तयार प्रश्न सोडवण्याहून अवघड जाते, आणि सुरुवातीला माझे प्रश्न फारच सोपे होत होते; साल आणि नाव यांच्यापलीकडे ते जात नसत. हळूहळू ‘का’ने सुरू होणारे प्रश्न जमू लागले. हे पत्ते रबर लावून मी शाळेच्या पिशवीत ठेवते आणि बसमध्ये पाच-सात काढून पाहते. आलेला पत्ता गठ्ठ्याच्या तळाशी जातो, चुकलेला तिसऱ्या जागी. अंतिम परीक्षेत ८४ टक्के गुण मिळाले, त्यांतला मोठा भाग या पत्त्यांचा आहे असे मला वाटते. प्रमाणपत्राच्या छापील प्रतीचे वेगळे ६५० रुपये मागत होते, ते मी भरले नाहीत. शाळेत त्याची कुठे नोंद होत नाही.

आज ज्यांना हा किंवा असा अभ्यासक्रम घ्यायचा आहे त्यांनी विनामूल्य नमुन्याचे एक व्याख्यान आधी पूर्ण पाहावे. ते मध्ये थांबून विचारत असेल तर सहा महिन्यांचे पैसे एकदम भरायला हरकत नाही. थांबत नसेल तर एकाच महिन्याचे भरावेत, मोफत पुस्तक उतरवून घ्यावे, आणि गजराचे घड्याळ जवळ ठेवावे. माझी वाढीव मुदत येत्या रविवारी संपते. मी नूतनीकरण करणार नाही. १९३ पत्ते झाले आहेत, आणि त्यांतले चाळीसएक अजून तिसऱ्या जागीच परत येत आहेत.