कॉक-अप म्हणावं की पिग्ज इअर?

इंग्लंडात नोकरीला आलात की घोळ, विचका, पचका यासाठीचे इथले शब्द लगेच कानावर पडायला लागतात, पण त्यातला आपण कुठला वापरायचा हे कोणी सांगत नाही. माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे.

कॉक-अप सगळीकडे ऐकू येतो. आटोपशीर आहे, आणि ऑफिसात मॅनेजरसुद्धा 'सॉरी, आय कॉक्ड अप' म्हणून मोकळा होतो, कोणी दचकत नाही. सरकारी गोंधळात कट शोधणाऱ्याला इथले लोक सांगतात, कॉन्स्पिरसी नाही रे बाबा, कॉक-अप आहे. तिथे दुसरा शब्द शोभतच नाही, हे मान्य.

मला खटकलं ते एकच. शब्द कानाला जरा अश्लील लागतो, आणि किती लागतो ते समोरच्या माणसावर असतं. टीममध्ये चालतो, क्लायंटच्या कॉलवर बहुतेक चालतो, पण मुलाच्या टीचरसमोर? शेजारच्या आजी चहाला आल्यात तेव्हा? इथे वाढलेल्यांना हे आपोआप कळतं, मला मात्र बोलायच्या आधी खोलीत कोण कोण बसलंय ते बघावं लागायचं आणि तोवर विषय कुठच्या कुठे गेलेला असायचा, याचा खरंच वैताग यायचा.

'मेड अ पिग्ज इअर ऑफ इट'ला ही भानगड नाही, आजी असोत की साहेब, बिनधास्त म्हणा. शिवाय विचका कोणी केला तेही वाक्यातच येतं. 'इट ऑल वेंट पेअर-शेप्ड' म्हटलं की सगळं जणू आपोआप बिघडलं, करणारा गायब, म्हणून मला ते तितकंसं पटत नाही.

घोळासाठीचे बाकीचे शब्दही आहेत. डॉग्ज डिनर जरा जपून, कारण भडक नटून आलेल्यालाही तेच म्हणतात. हॉर्लिक्स आपल्या ओळखीचं, 2003 मध्ये परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी इराकवरच्या वादग्रस्त सरकारी अहवालाला (डॉसियर) संसदेच्या समितीपुढे चक्क 'कम्प्लीट हॉर्लिक्स' म्हटलं होतं, पण तरुणांच्या तोंडी मी तो फारसा ऐकला नाही. ऑम्निशॅम्बल्स, म्हणजे सगळीकडूनच गोंधळ, 2009 च्या एका टीव्ही मालिकेतून आला आणि 2012 मध्ये ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी त्याला ब्रिटनचा वर्षाचा शब्द ठरवलं, तो राजकारणालाच शोभतो, करपलेल्या केकसाठी फार मोठा होतो.

पिग्ज इअर थोडा जुनाट वाटतो असं ऑफिसातली पोरं म्हणतात, असेलही. त्यांच्याबरोबर पबमध्ये बसलात तर कॉक-अप म्हणा की, पण नवीन असाल तर निदान पहिलं वर्षभर तरी पिग्ज इअरच बरा पडेल.