आइसलँड: पूर्ण रिंग रोड की फक्त दक्षिण किनारा?

नकाशावर बेट लहान दिसतं. बेटाला वळसा घालणारा रिंग रोड जेमतेम 1,320 किलोमीटरचा, म्हणून आठवड्याच्या रजेत पूर्ण फेरी बसवण्याचा मोह होतो. पण ताशी 90 ची मर्यादा, एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल आणि मुख्य रस्त्यापासून आत असलेली ठिकाणं धरली, तर हाच प्रवास सहज 1,600 च्या वर जातो. आमचं मत सरळ आहे: दहा रात्री असतील तर फेरी करा, सात किंवा कमी असतील तर दक्षिण किनारा. आठ-नऊवाल्यांनी ऋतू पाहून ठरवावं.

दक्षिणेची बाजू भक्कम आहे, कारण तिथे अंतराच्या मानाने पाहण्यासारखं खूप. रेक्याविकहून वीक गाव 190 किलोमीटर, योकुल्सारलोनचं हिमनगांचं सरोवर साधारण 375. वाटेत सेल्यालान्सफॉस आणि 60 मीटरचा स्कोगाफॉस हे धबधबे. पुढे रेनिस्फ्याराचा काळा किनारा, तिथे बसाल्टचे खांब. (अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्यांना ते ओळखीचे वाटतील.) तिथली लाट शांत समुद्रातून अचानक वर चढते आणि माणसं ओढून नेते, इशाऱ्याचा दिवा लाल असेल तर वाळूत उतरायचंच नाही. मुक्कामाची मांडणी अशी: वीकच्या आसपास दोन रात्री, स्काफ्ताफेल ते हॉप्न पट्ट्यात दोन, उरलेल्या रेक्याविक आणि थिंगवेत्लिर (राष्ट्रीय उद्यान), गेसिर (गरम पाण्याचे फवारे), गुत्लफॉस (धबधबा) यांच्यासाठी. उणीव एवढीच, की परत त्याच रस्त्याने यावं लागतं आणि गर्दी फार.

फेरीत उत्तरेचा भागही मिळतो: मिवात्न सरोवराजवळचा उकळता चिखल, 44 मीटर उंच आणि सुमारे 100 मीटर रुंद देत्तिफॉस धबधबा, उन्हाळ्यात हुसाविकचे देवमासे. देत्तिफॉसला पश्चिमेच्या 862 रस्त्याने जावं, तो डांबरी आहे. पूर्वेचा 864 खडीचा. पूर्वेच्या फ्योर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांत) वेग मंदावतो. ज्युपिवोगुरहून एगिल्सस्तादिरकडे निघालात की मॅप 939 क्रमांकाचा ओक्सी घाट 'जवळचा रस्ता' म्हणून सुचवतो. तो तीव्र उताराचा, खडीचा आहे आणि हिवाळ्यात बंद असतो. नवख्यांनी किनाऱ्यानेच जावं. आकुरेरीजवळच्या बोगद्याला टोल आहे, पण टोलनाका नाही. ऑनलाइन भरायचा राहिला, तर भाड्याच्या गाडीची कंपनी वर स्वतःचं शुल्क लावून तो वसूल करते.

ऋतूचा निकाल अधिक कडक. जून ते ऑगस्ट दोन्ही शक्य. नोव्हेंबर ते मार्च फक्त दक्षिण, तीही एक राखीव दिवस ठेवून: डिसेंबरात उजेड जेमतेम चार-पाच तास, आणि उत्तर-पूर्वेचे घाट वादळात बंद होतात. ध्रुवीय प्रकाश हवा असेल तर जून-जुलैचा विचार सोडा, रात्र काळी होतच नाही.

गाडीबाबत: उन्हाळ्यात रिंग रोडला साधी गाडी पुरते, 'एफ' क्रमांकाच्या डोंगराळ कच्च्या रस्त्यांवर फोर-व्हील ड्राइव्ह कायद्यानेच सक्तीची. वाऱ्याने दार उलटं फिरून मोडणं ही तिथली नेहमीची हानी, आणि बहुतेक विम्यांत ती बसत नाही. गाडी वाऱ्याच्या तोंडाला लावा, दार हाताने धरून उघडा. दक्षिणेत वाळू-राखेचा वेगळा विमा घेण्यात अर्थ आहे. वाहतूक उजवीकडून, आणि दोन लेनच्या गोल चौकात आतल्या लेनमधल्या गाडीला बाहेर पडताना प्राधान्य. आपल्याकडून गेलेले चालक हमखास इथे चुकतात. मनुष्य नसलेल्या पेट्रोलपंपांवर पिनवालं कार्ड लागतं.

गाडी चालवायचीच नसेल तर रेक्याविकमध्ये राहून बस-सहली. पण योकुल्सारलोन एका दिवसात म्हणजे जाऊन-येऊन 750 किलोमीटर, सुमारे चौदा तास. आईवडील सोबत असतील तर तीच सहल दोन दिवसांची घ्या.

निर्णय व्हिसाच्या आधी व्हावा. आइसलँड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्जासोबत मुक्कामांची बुकिंगं आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि वीक परिसरातल्या उन्हाळी खोल्या लवकर भरतात.