सुपरमॅनला पाण्याची रेल्वे थांबवता येईल का? लातुरातील एका रविवार वर्गाचा अनुभव

नववीत शिकणाऱ्या भाचीला सोबत म्हणून मी या वर्गाला गेलो आणि आठही रविवार मागच्या बाकावर बसून राहिलो. कॉमिक्समधील महानायकांच्या आधारे आठवी-नववीच्या मुलांना बल, संवेग, घर्षण आणि ऊर्जा शिकवणाऱ्या या वर्गाचे शुल्क छापील पुस्तिकेसह २,००० रुपये आहे. अकरावी-बारावीच्या शिकवण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात गुणांशी थेट संबंध नसलेल्या शिकवणीला चाळीस मुले येतात, याचेच मला आधी आश्चर्य वाटले.

सरांचा एकच नियम आहे. नायकाची एक अशक्य गोष्ट बिनतक्रार मान्य करायची आणि त्यानंतर निसर्गाचा एकही नियम मोडू द्यायचा नाही. सुपरमॅन १९३८ साली प्रथम छापून आला तेव्हा त्याला उडता येत नव्हते, तो फक्त एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर उडी मारू शकत असे. एवढ्या उंचीवर पोचायचे तर जमीन सोडताना त्याचा वेग किती असावा, हे मुलांनी मुक्त पतनाचे सूत्र उलटे वापरून काढले आणि उत्तर ताशी सुमारे २२५ किलोमीटर आले. पाठ्यपुस्तकातील इमारतीवरून दगड टाकण्याचे उदाहरण गणिताच्या दृष्टीने अगदी हेच आहे. तरीही त्या उदाहरणासाठी मुले कधी बाकावरून उठून फळ्यापर्यंत गेल्याचे मला आठवत नाही.

संपूर्ण वर्गातील सर्वांत मोलाचा तास रेल्वेचा होता. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा डब्यांत सुमारे ५ लाख लिटर, म्हणजे ५०० टन पाणी होते. ही गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने येत असताना सुपरमॅनने ती दहा मीटरांत थांबवायची ठरवली, तर डबे आणि इंजिन बाजूला ठेवून नुसत्या पाण्यासाठीच सुमारे १ कोटी न्यूटन बल लागते. एवढे बळ त्याच्या दंडात आहे, हे सरांनी मान्यच केले. तेव्हा मागून एका मुलीने विचारले, "सर, पण त्याचे पाय घसरतील की!" आणि पुढचा पाऊण तास या एका वाक्यावर गेला. १०० किलो वस्तुमानाच्या माणसाला जमिनीकडून मिळणारे घर्षण घर्षणांक (घर्षण आणि वजन यांचे गुणोत्तर) १ धरला तरी ९८० न्यूटनच्या पुढे जात नाही, म्हणजे लागणाऱ्या बलाच्या जवळपास दहा हजारावा हिस्सा. इंजिन बंद आहे असे समजले तरी केवळ या घर्षणावर ते पाणी थांबायला सुमारे १०० किलोमीटर लागतील; सुपरमॅनने धाराशिवला पाय रोवले, तरी लातूर स्टेशन मागे पडेल. न्यूटनचा तिसरा नियम मी स्वतः शाळेत पाठ केला होता, मात्र बळकट माणसालाही टेकायला काहीतरी लागते, हा त्याचा अर्थ मला त्या दिवशी दिसला.

स्पायडर-मॅनच्या १९७३ सालच्या एका अंकात पुलावरून पडणाऱ्या त्याच्या प्रेयसीला तो जाळ्याने झेलतो आणि त्या झटक्यानेच ती मरते. संपादकांनीही पुढे तेच कारण दिले. पुलाची उंची ८० मीटर आणि मुलीचे वस्तुमान ५० किलो धरल्यास एक दशांश सेकंदात थांबवताना तिच्यावर तिच्या वजनाच्या सुमारे ४० पट बल येते. त्यानंतर सरांनी मुलांना ताणून धरलेल्या चादरीत अंडी फेकायला लावली. एकही फुटले नाही. भिंतीवर फेकलेल्यांचे काय झाले, ते सभागृह झाडणाऱ्या मावशींना विचारावे.

पुढचे काही तास मात्र इतके सकस नव्हते. राक्षसी आकार धारण करणाऱ्या नायकांचा विषय एका रविवारात उरकण्यात आला. उंची दहापट झाली की हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ, म्हणजे त्यांची ताकद, शंभरपट आणि वजन मात्र हजारपट होते, हे गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हाडाचे चित्र काढून समजावले होते. शेळीचे आणि म्हशीचे पाय शेजारी उभे करून ते आमच्याकडच्या मुलांना दहा मिनिटांत पटले असते. त्याऐवजी पडद्यावर चित्रपटातील मारामारी दाखवण्यात आली, तिच्यात भौतिकशास्त्र शोधूनही सापडत नव्हते. जिथे नायक अडतो तिथे हा वर्ग उत्तम चालतो आणि जिथे नायकाचे नुसते कौतुक सुरू होते तिथे तो तत्काळ ढिला पडतो. माझ्या लहानपणीचा इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ त्यांनी घेतलाच नाही. अंगी कोणतीही अद्भुत शक्ती नसल्यामुळे बिचाऱ्याची येथे गरज नसावी.

पुस्तिकेची छपाई चांगली असली तरी तिच्यात सुपरमॅनचे "वजन १०० किलो" असे छापले आहे. वस्तुमान आणि वजन यांतील फरक शिकवण्यासाठी पहिला संपूर्ण रविवार खर्च करणाऱ्यांकडून ही चूक खपवून घेता येत नाही. चाळीस मुलांना एकच सर असल्यामुळे मागच्या रांगेतील वह्याही कुणी तपासत नाही.

इतके असूनही मी धाकट्या भाच्याचे नाव पुढील वर्गासाठी घातले आहे. रिकाम्या डब्यांचे वजनही धरले तर सुपरमॅन कुठवर घसरेल, हे गणित सरांनी घरी सोडवायला दिले होते. भाचीचे उत्तर लातूर रोड जंक्शन ओलांडून पुढे गेले आहे.