सीबी रेडिओच्या नादात ३०,०५० रुपये घालवले, जीपवाल्यांनो वाचा

शिव्या नंतर घाला, आधी वाचा. गाड्यागाड्यांत बोलायच्या सीबी रेडिओवर गेलेला आकडा सुरवातीलाच सांगून टाकतो, ३०,०५० रुपये. सगळे माझे नाहीत, पाच जणांचे आहेत, आणि बाकीचे चौघं फक्त माझ्या शब्दावर तयार झालेले, ते जास्त लागतंय.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करणारा माणूस. शंभर रुपयाचा बुश घेताना पण व्हर्निअर लावून बघतो, गिऱ्हाईक वैतागतं एवढा चिकित्सक. आणि तीस हजाराच्या वस्तूला पट्टी लावायची बुद्धी झाली नाही. पट्टीच म्हणतोय, खरीखुरी, का ते पुढं येईल.

झालं असं की गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच गाड्या घेऊन गगनबावड्याला गेलेलो. माझी जुनी महिंद्रा ५४० जीप, दोन थार, एक जिप्सी आणि एक बोलेरो. भुईबावडा घाटात धुकं असं उतरलं की पुढच्या गाडीचा लाल दिवा पण दिसंना. जिप्सीवाला मागं एका कच्च्या वाटेला लागला आणि चिखलात बसला, मोबाईलला एक कांडी रेंज नाही, आणि मी मस्तपैकी पुढं निघून गेलेलो. पंचवीस मिनिटांनी कळलं की मागं कोणच नाही. त्या दिवशी ठरलं, गाड्यागाड्यांत बोलायला काहीतरी पाहिजे.

वॉकीटॉकी, हॅम, सीबी असं सगळं वाचून काढलं. हॅम म्हणजे हौशी लोकांचा रेडिओ, त्याला सरकारी परीक्षा द्यावी लागते, पाच जणांनी अभ्यास करून पास व्हायचं म्हणजे झालंच. सीबी म्हणजे सिटिझन बँड, २७ मेगाहर्ट्झवर चालतो, अमेरिकेत ट्रकवाले वापरतात तो, १९ नंबरचं चॅनल हायवेवाल्यांचं आणि ९ नंबर इमर्जन्सीचं. आपल्याकडं २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात ५ वॉटपर्यंत लायसन लागत नाही. लागत नाही. हे वाक्य मी स्वतः वाचलेलं, आमच्या ग्रुपवर स्वतः टाकलेलं, हे लक्षात ठेवा, कारण माझ्या गाढवपणाचं मूळ तिथंच आहे.

दुकानात कुठं मिळंना. शाहूपुरीत दोघांना विचारलं, एकानं टॅक्सीचा वायरलेस दाखवला, दुसऱ्यानं गाडीचा टेप. मग एका जुन्या जीपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण आला, "डॅशवर बसणारा सीबी सेट, ४० चॅनल, माईक, अँटेना, वायर सकट, ६,८०० ला एक." पाच घेतले तर ३४,००० आणि कुरिअर फ्री. बोलायला एकदम आपल्याकडचा, "दादा, २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडलेला तेव्हा हे असते तर किती कामाला आले असते" असं म्हणाला, आणि मी विरघळलो. स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण) काय, चॅनल १९ काय, सगळं त्याला पाठ. फसवणारा अडाणी असतो असं कोण म्हणत असेल तर त्याला माझ्याकडं पाठवा.

त्यानं व्हिडिओ पाठवला. दोन गाड्यांच्या डॅशवर दोन सेट, एक हात माईक दाबतोय, "हॅलो चेक चेक", दुसरीकडून आवाज येतोय. मी तो व्हिडिओ किमान दहा वेळा बघितला असेल, चहा पिताना, जेवताना, बायकोला पण दाखवला. ती म्हणाली पंधरा इंचाचा पण अँटेना दिसत नाही की हो गाडीला. मी म्हटलं तुला काय कळतंय त्यातलं.

आता ऐका. आठव्या सेकंदाला त्या सेटचा डिस्प्ले स्पष्ट दिसतो. सीबीवर एकतर चॅनल नंबर दिसतो, १९ असा, नाहीतर २७ नं सुरू होणारी फ्रिक्वेन्सी. तिथं ४४६ नं सुरू होणारा आकडा होता. ४४६! म्हणजे तो सीबी नाहीच, वेगळ्याच बँडचा सेट आहे. दहा वेळा बघितलं आणि डोळे कुठं, तर माईकच्या गुंडाळी वायरवर, कसली भारी दिसतीय म्हणून.

आणि पट्टीचं ते असं. २७ मेगाहर्ट्झची लाट ११ मीटरची असते, तिचा पाव हिस्सा पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. पुरा अँटेना तेवढा लागतो. आखूड करायचा तर कॉईल गुंडाळून तीन-चार फुटाचा फायबरचा करतात, तो पण बसवल्यावर एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडनं सेटकडं किती ताकद उलटी फिरते ते दाखवणारा) लावून जुळवावा लागतो, रीडिंग दीडच्या खाली आलं तर बरं, तीनच्या वर गेलं आणि तसंच बोलत बसलात तर सेटच जळू शकतो. त्यानं पाठवलेल्या फोटोतला अँटेना बोटाएवढा. बोटाएवढा! मी वीत लावून बघितलं असतं तरी कळलं असतं.

अजून एक सांगतो, आता सुचतंय. ज्याला यातलं खरंच कळतं तो पहिला प्रश्न विचारतो, गाडीला हूड आहे का पत्र्याचं छत, अँटेना कुठं लावणार. कारण अँटेनाला खाली पत्रा लागतो, माझ्या ५४० ला कापडी हूड आहे, म्हणजे बॉनेटच्या कडेला नाहीतर बंपरला ब्रॅकेट करायला पाहिजे. हा बाबा एकदा पण विचारला नाही. उलट "३० किलोमीटर गॅरंटी, घाटात पण" म्हणाला. घाटात ३० किलोमीटर! मध्ये डोंगर आला की चार वॉटचा सेट काय डोंगर पोखरून जाणार हाय? एवढं मला कळत होतं ओ, पण तेव्हा म्हटलं विकणारा जरा वाढवून सांगणारच.

९ तारखेला टोकन ५,००० पाठवले. दुसऱ्या दिवशी १२,०००, म्हणजे निम्मे झाले, राहिलेले १७,००० माल बघून. हे ऐकून मला उलट विश्वास बसला, निम्मे नंतर घेतोय म्हणजे सरळ माणूस. असा विश्वास बसावा म्हणूनच ते निम्मे ठेवतात, हे आता कळतंय.

१२ ला रात्री साडेदहाला फोन. "दादा, माल डिस्पॅचला अडकलाय, वायरलेसचं लायसन तुमच्या नावावर करायला लागतंय, एका सेटला १,५०० अधिक जीएसटी, १,७७०." पाचचे झाले ८,८५०. मी म्हटलं सीबीला लायसन लागत नाही ना? हे मी विचारलं, खोटं नाही सांगत, रेकॉर्डिंग आहे माझ्याकडं. तर म्हणाला "हातातल्याला लागत नाही, गाडीत फिक्स करायच्याला लागतंय, नवीन नियम आलाय." आणि मी भरले. का भरले? आता स्वतःची बाजू घेतोय असं वाटेल, पण १७,००० अडकलेले, चौघांचे पैसे त्यात, शनिवारी एक मोठं काम द्यायचं म्हणून रात्री दहापर्यंत लेथवर उभा, अंगात जीव नाही. शिवाय पाचच मिनिटात पीडीएफ आली, अशोकस्तंभ, शिक्का, माझं नाव, नावात चूक, आणि खाली "व्हॅलिडिटी लाइफटाईम". लाइफटाईम! गाडीच्या आरसीला पण मुदत असते. पण तेव्हा वाटलं चला बरं झालं, एकदाच भरायचं.

१४ ला अजून ४,२००. ई-वे बिलाचा, म्हणजे माल पाठवताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचा दंड, रिफंडेबल. मी जीएसटीवाला माणूस, पन्नास हजाराच्या खालच्या मालाला ई-वे बिल लागत नाही हे माझ्या धंद्यातलं रोजचं. माल ३४,००० चा. तरी भरले. याचं मला काहीच उत्तर देता येत नाही, विचारू नका.

१८ ला बॉक्स आला. आत थर्माकोल, तीन हातातले छोटे सेट, दोन चार्जर. पाच नाही, तीन. माईक नाही, अँटेना म्हणजे वर ती बोटाएवढी काळी शेपटी, आणि १ ते १६ चॅनलचं बटण. मागं "सीबी रेडिओ" म्हणून छापलेलं स्टिकर. नखानं खरवडलं तर खाली छापलंय ४००-४७० मेगाहर्ट्झ. म्हणजे हे सेट सीबीचे तर नाहीतच, वर त्यातला बराचसा पट्टा असा की विनापरवाना वापरला तर गुन्हा. फोन लावला, बंद. व्हॉट्सॲपचा डीपी गेला. २६ मिनिटं त्याच बॉक्ससमोर बसलो होतो, पोरगं विचारतंय पप्पा चालू कर की.

आता यांनी तीन सेट तरी का पाठवले? रिकामी वीट पाठवली असती तरी चाललं असतं. त्याचं उत्तर पोलीस ठाण्यात मिळालं.

ठाण्याचं नाव घेत नाही. ठाणे अंमलदारांनी बॉक्स उघडायला लावला, एक सेट हातात घेतला आणि पहिला प्रश्न, "वायरलेस? कशाला लागतोय ओ तुम्हाला? परवाना आहे?" म्हटलं साहेब मी हे मागवलं नव्हतं, मी सीबी मागवलेला, त्याला परवाना लागत नाही.

"लागत नाही?"

"नाही साहेब."

"मग परवान्याचे पैसे कशाला भरलात?"

मागं बाकावर बसलेला एक जण हसला. मला आजपण रात्री तो हसलेला आवाज येतोय.

पुढचं सगळं असंच. माल मिळालाय ना, मग ही फसवणूक नाही, हा व्यवहाराचा वाद, ग्राहक मंचाकडं जावा. म्हणजे ते तीन सेट याच्यासाठी! कुरिअरची डिलिव्हरी झालेली आहे, सही माझी आहे, झालं दिवाणी. म्हटलं नकली सरकारी लायसन केलंय साहेब, अशोकस्तंभ लावून, हे पण दिवाणी का? तर ते सायबरकडं जावा. सायबरला गेलो तर आधी ऑनलाइन तक्रार करून या, मग प्रिंट आणा, मग खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, हद्द येत नाही. झिरो एफआयआर म्हणून एक गोष्ट असते, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात लिहूनच आहे, हद्द नसली तरी कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते, हे मला घरी येऊन कळलं. तिथं माहीत असतं तर एवढी मान खाली घालून आलो नसतो. तीन दिवस माझं दुकान बंद, त्याचा हिशोब मी धरलेलाच नाही.

बँकेचं तर काय सांगावं. "सर तुम्हीच पिन टाकलाय." टाकलाय ओ, मीच टाकलाय, त्याचीच तक्रार आहे. एक फॉर्म, मग तोच फॉर्म दुसऱ्या टेबलावर, मग मॅडम रजेवर. सतरा दिवसांनी मेसेज आला की समोरच्या खात्यात ११३ रुपये होल्ड केलेत. ११३. ते परत मिळायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. स्टॅम्प, झेरॉक्स आणि रिक्षालाच त्याच्या दुप्पट गेलेत.

माझं पण चुकलं, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन मी अकराव्या दिवशी केला. पैसे गेले की त्याच तासाला १९३० फिरवा, लाज वाटते म्हणून थांबू नका, मी बॉक्सची वाट बघत थांबलो आणि तेवढ्यात पैसे चार खाती फिरले. फोनचं रेकॉर्डिंग ठेवा. पार्सल उघडताना सील सकट व्हिडिओ काढा, मी नाही काढला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण नोंद करा, निदान नंबर तरी मिळतो. आणि लायसनसाठी पैसे कुठल्या विकणाऱ्याच्या यूपीआयवर भरायचे नसतात, हे पोराला पण कळतं, मला कळलं नाही.

रेडिओचं म्हणाल तर, मे २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विकणाऱ्या साइटींना वॉकीटॉकीवरनं १३ नोटिसा दिल्या आणि महिनाअखेर नियमपण काढले, फ्रिक्वेन्सी लिहा, लायसन लागतंय का लिहा, ईटीए म्हणजे मंजुरीचं सर्टिफिकेट दाखवा. तेव्हा विकणाऱ्याला पहिलं ते सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा मॉडेल नंबर सेटच्या मागच्या नंबराशी जुळवा. "४० चॅनल" ऐकून भुलू नका, आपला पट्टा २७.२८३ ला संपतो, म्हणजे २७ नंबरच्या चॅनलपर्यंतच, २८ नंबर २७.२८५ ला जातो, बाहेर. आणि अँटेना बोटाएवढा असेल तर फोन ठेवा.

वाट्याला सहा हजार दहा आले प्रत्येकी. दोघांना मी परत दिले, बोलेरोवाला घ्यायला तयार नाही, जिप्सीवाला म्हणतो भावा जाऊ दे, पण ग्रुपवर माझ्या मेसेजला आता अंगठा पण येत नाही.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तोच व्हिडिओ आलाय. नाव वेगळं, नंबर वेगळा, भाव ७,२००, आणि यावेळी पूर नाही तर "सह्याद्री ट्रेकसाठी खास". हात तोच, माईकची गुंडाळी वायर तीच. आठव्या सेकंदाला थांबवून डिस्प्ले बघा.