वेब डेव्हलपमेंट पक्कं शिकायचंय: विद्यापीठात दोन वर्षं की पुण्यात सहा महिने?

बीएस्सी कॉम्प्युटर किंवा बीसीए संपत आलं की आपल्याकडच्या घरांत एकच विषय निघतो. पोरगं म्हणतं, पुण्याला जातो, सहा महिन्यांचा फुल स्टॅकचा, म्हणजे पडद्यावरचं आणि सर्व्हरवरचं दोन्ही काम शिकवणारा, क्लास करतो आणि लगेच नोकरीला लागतो. वडील म्हणतात, एमसीए कर, हातात डिग्री पाहिजे. मी परभणीत बीएस्सी करून विद्यापीठात एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स केलं. माझा मामेभाऊ पुण्याला क्लासला गेला. आज आम्ही दोघंही वेब ॲप्लिकेशनचंच काम करतो, त्यामुळे दोन्ही वाटा मी घरातूनच पाहिल्यात. माझं मत आधीच सांगते: नुसती वेबसाइट करायला शिकायचं असेल तर क्लास पुरतो. पैशाचा, मालाचा, माणसांच्या नोंदींचा हिशोब ज्यावर बिनधोक सोडता येईल असं ॲप्लिकेशन करायला शिकायचं असेल तर विद्यापीठाची दोन वर्षं कामी येतात. पण तिथंही नुसतं वर्गात बसून भागत नाही.

हा फरक मला कळला तो मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात. मामांचं आडतीचं दुकान आहे. क्लास संपल्यावर भावानं दुकानासाठी ॲप करून दिलं. शेतकऱ्याचं नाव, माल, वजन, भाव टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी, म्हणजे शेतकऱ्याची हिशोबाची पावती, तयार. दिसायला देखणं आणि मोबाइलवरही सुरेख चालायचं. सोयाबीनची आवक वाढली, मोंढा भरला आणि नेट रखडायला लागलं. मुनीमजींनी सेव्हचं बटण दाबलं, पडद्यावर चक्र फिरतच राहिलं, म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं. एकाच शेतकऱ्याचे १८ क्विंटल ४० किलो दोनदा जमा झाले. संध्याकाळी हिशोब काही केल्या जुळेना. भावानं दुसऱ्या दिवशी एकदा दाबल्यावर बटण बंद पडेल अशी सोय केली. तरी पान रिफ्रेश केलं की तीच गत.

मग एका रविवारी आम्ही दोघं बसलो. प्रत्येक कोऱ्या फॉर्मसोबत सर्व्हरनं एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिकची, म्हणजे एक क्रमांक एकदाच येऊ देणारी, अट घालायची. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता पहिलीच पावती दाखवायची. शिवाय पट्टीची नोंद आणि साठ्यातली वाढ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधायची. झालं तर दोन्ही होईल, नाहीतर काहीच नाही. ट्रान्झॅक्शन काय असतं हे मला एमएस्सीच्या डेटाबेसच्या पेपरमुळे ठाऊक होतं. भावाला ते कुणी शिकवलंच नव्हतं. पण खरं सांगायचं तर मलाही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं की याचा उपयोग मोंढ्यातल्या रखडलेल्या फॉर्मला होतो. आणि त्या दिवशी पडद्यामागचं सगळं ठरल्यावर पडद्यावरचा फॉर्म रिॲक्ट या साधनात तासाभरात बसवला तो भावानं. मला दोन दिवस लागले असते.

दोन्ही वाटांचं बळ आणि उणीव या एका प्रसंगात आली आहे. क्लासमध्ये हात चालतो. बहुतेक ठिकाणी मोंगोडीबी, एक्सप्रेस, रिॲक्ट आणि नोड हा वेब ॲप्लिकेशन बांधायच्या साधनांचा संच शिकवतात, रोज कोड लिहून घेतात, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरायची सवय लावतात. विद्यापीठात डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, सिक्युरिटी हे विषय सविस्तर होतात, पण प्रॅक्टिकल म्हणजे पुष्कळदा फाइल पूर्ण करणं आणि एक्स्टर्नल समोर व्हायव्हा देणं. परीक्षेत कोड कागदावर लिहावा लागतो. नवं तंत्र अभ्यासक्रमात यायला वेळ लागतो. नोड २००९ ला आलं, रिॲक्ट २०१३ ला, आणि ते इलेक्टिव्हमध्ये शिरेपर्यंत कंपन्या पुढं गेलेल्या असतात. या उणिवेनं मी पहिल्या वर्षी फार खट्टू झाले होते. आता वाटतं की फ्रेमवर्क बदलत राहतात, पण ब्राउझरकडून सर्व्हरला एचटीटीपीची विनंती कशी जाते, लॉगिन लक्षात ठेवणारा सेशन कुठं राहतो, इंडेक्स नसला तर डेटाबेसमधली क्वेरी का रेंगाळते, हे कामाला लागल्यापासून माझ्यासाठी बदललेलं नाही.

सुरक्षेचा मुद्दा मला अधिक टोचतो. वेब ॲप्लिकेशनमधल्या धोक्यांची ओवॅस्प या संस्थेची जी यादी सगळीकडे मानली जाते, तिच्या २०२१ च्या आवृत्तीत पहिला क्रमांक तुटक्या प्रवेश-नियंत्रणाचा आहे. सोप्या भाषेत, लॉगिन आहे पण परवानगी तपासलेली नाही. भावाच्या पहिल्या ॲपमध्ये ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये पावती ४१२ च्या जागी ४१३ टाकलं की दुसऱ्या शेतकऱ्याची पट्टी उघडायची. क्लासनं त्याला लॉगिन शिकवलं होतं, पण ही पावती याच माणसाची आहे का हे प्रत्येक वेळी सर्व्हरवर विचारायचं, हे शिकवलं नव्हतं. विद्यापीठात हे सिक्युरिटीच्या पेपरला पाच मार्कांच्या उत्तरात येतं, हातानं करून घेत नाहीत. म्हणून दोन्हीकडे हे स्वतःच करावं लागतं. आपल्या भाषेचंही तसंच. ॲडव्होकेटचा ॲ दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो, एका अक्षरात किंवा अ आणि वरचा चंद्र असा जोडून. दिसायला सारखाच, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही. मराठी नावांवर काम करणाऱ्या आपल्या पोरांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

आता विद्यापीठच ठरवलं तर एमसीए की एमएस्सी? एमसीए २०२०-२१ पासून दोन वर्षांचं झालं आहे. राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, मग कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या. गणिताची अट काय आहे ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. ही सीईटी पदवीच्या शेवटच्या वर्षातच होऊन जाते, त्यामुळे निकाल लागल्यावर जागं होणाऱ्याचं वर्ष वाया जातं. एमएस्सीला विद्यापीठाची स्वतःची प्रवेश प्रक्रिया असते. ॲप्लिकेशन आणि नोकरीकडे ओढा असेल तर एमसीए, नेट-सेट किंवा पुढं पीएचडी डोक्यात असेल तर एमएस्सी, एवढाच ढोबळ भेद मी करेन. बँकेच्या आयटी ऑफिसरच्या पदाला दोन्ही चालतात, क्लासचं सर्टिफिकेट तिथं मोजलं जात नाही. नव्या शैक्षणिक धोरणात एमएस्सीचं पहिलं वर्ष करून पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडायचीही वाट ठेवली आहे, घरी अडचण आली तर ती लक्षात असू द्या.

नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या पोरांचं विद्यापीठ नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ, आणि संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवच्या पोरांचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ. पण पदव्युत्तर शिक्षणासाठी जिल्ह्याची हद्द धरून बसू नका. मी परभणीची असून तपोवन एक्सप्रेसनं संभाजीनगरला गेले.

पैशाचं गणित घरात मांडताना बहुतेक लोक फक्त क्लासची फी आणि कॉलेजची फी शेजारी ठेवतात. पुण्यात फीशिवाय कॉट बेसिसवर खोली, मेस, येणं-जाणं, आणि क्लास संपल्यावर मुलाखती देत काढायचे महिने येतात. भावाचे सहा महिने असेच तेरा झाले. आडतीवर चांगला भाव लागलेलं वर्ष होतं म्हणून निभावलं. उलट विद्यापीठात महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून शिष्यवृत्ती आणि फीची सवलत मिळते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना एमसीएसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी सरकार भरतं, मात्र प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मुलगी आहे म्हणून दोन वर्षं नको म्हणणाऱ्या घरांनी हे एकदा नीट वाचावं. माझ्या वेळी हे असतं तर आईच्या पाटल्या गहाण पडल्या नसत्या.

क्लासवाल्यांनी जॉब गॅरंटी म्हटलं की ती कागदावर मागा, आणि हप्त्यांची फी म्हणून सही करताय तो कागद कर्जाचा तर नाही ना, हे वडिलांसोबत बसून वाचा. भावाच्या बरोबरच्या एका पोराला हे तिसऱ्या हप्त्याला कळलं.

ज्याचं इंजिनिअरिंग किंवा एमसीए झालेलं आहे आणि हात चालत नाही, त्यानं मात्र खुशाल सहा महिने क्लास करावा, त्याला तो लागू पडतो. ज्याला घर सोडताच येत नाही, त्याच्यासाठी तिसरी वाट आहे. संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारातच नायलिट या सरकारी संगणक-शिक्षण संस्थेचं केंद्र आहे. त्यांची बी लेव्हल ही परीक्षा पदवीधराला बँकेच्या त्याच आयटी ऑफिसरच्या पदासाठी चालते. स्वयम् या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स ऐकायला फुकट आहेत, आणि विद्यापीठानं मान्य केले तर सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचं क्रेडिटही त्यातून घेता येतं. मी नेटवर्कचा एक विषय असाच केला, रात्री हॉस्टेलच्या वायफायवर, आणि वर्गापेक्षा चांगला कळला.

फॉर्म भरण्याआधी एकदा विभागात जाऊन या. ऑफिसात चौकशी करून परत फिरू नका, लॅबमध्ये जा. दुसऱ्या वर्षाचं एखादं पोरगं गाठा आणि म्हणा, तुझा प्रोजेक्ट माझ्या मोबाइलवर उघडून दाखव. तो लॅबच्याच मशीनवर चालत असेल तर का, ते विचारा. मग त्याच्यासमोर सेव्हचं बटण दोनदा दाबून बघा.