गावात ओळखीचा डॉक्टर नाही: उपकेंद्र, पीएचसी की खाजगी दवाखाना?

गणपतीला आलेला चाकरमानी, हापूसच्या बागेतला नेपाळी रखवालदार, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटीवरचा खलाशी, तिघांची अडचण एकच: इथं कुणाकडे जायचं? सरकारी दवाखान्यात आधी नाव असावं लागत नाही. आभा कार्ड (डिजिटल आरोग्य ओळखपत्र) असेल तर केसपेपर लवकर निघतो, नसेल तर नाव, वय, गाव सांगून निघतो. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

उपकेंद्र वाडीजवळ असतं. बीपी-शुगर तपासणं, जखमेची पट्टी, साध्या तापाच्या गोळ्या एवढ्यासाठी पुरेसं. एमबीबीएस डॉक्टर हवा तर पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, आणि शक्यतो सकाळच्या ओपीडीला. खाजगी दवाखाना संध्याकाळी उघडा मिळतो, रांग कमी, पण फी आणि औषधं खिशातून. सर्दी-खोकल्याला तो ठीक.

कुत्रा चावला तर मात्र आम्ही सरकारीच सांगू. आधी 15 मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली जखम धुवा. सरकारीत लस सहसा त्वचेत देतात: 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दर वेळी दोन ठिकाणी 0.1 मिली. खाजगीत बहुधा दंडात, 14 वा दिवस धरून पाच डोस. घोटाळा इथंच होतो: दोन डोस गावात, तिसरा मुंबईत, आणि तिथल्या डॉक्टरला आधीची पद्धत ठाऊक नाही. कार्डावर तारीख आणि 'त्वचेत' की 'स्नायूत' हे लिहून घ्याच. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. पीएचसीत नसेल तर त्याच दिवशी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा.

भातलावणीनंतर ताप, पोटऱ्या ठणकतायत, डोळे लाल? एक सुई टोचून घरी येऊ नका. चिखलात उभे होतात हे डॉक्टरला आपणहून सांगा, म्हणजे लेप्टोचा (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा) विचार वेळेत होतो.

साप चावला तर दवाखाना निवडत बसू नका. 108 लावा, पाय हलवू नका, करकचून बांधू नका. फुरसं किंवा घोणस चावल्यावर रक्त गोठेनासं होतं. काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटं ठेवून ते तपासतात. प्रतिविषाची सोय पीएचसी, ग्रामीण रुग्णालयात असते. गाडी निघतानाच तिथं फोन करून साठा विचारा.