प्रात्यक्षिकापूर्वीची पार्श्वभूमी पडताळणी: एका ऑनलाइन सेवेचा अनुभव

शाळेत प्रात्यक्षिकासाठी रुजू होण्यापूर्वी महाविद्यालयाने सुचविलेल्या ऑनलाइन सेवेमार्फत मी पार्श्वभूमी पडताळणी करून घेतली. ओळखपत्रावर मधले नाव पूर्ण आणि गुणपत्रिकेवर केवळ आद्याक्षर असल्यामुळे माझा अर्ज दोनदा परत आला, आणि नेमके कोठे अडले आहे हे सांगणारी एक ओळही त्यासोबत नव्हती. बोटांचे ठसे घेणाऱ्या बाईंनी मात्र माझी कोरडी बोटे ओलसर रुमालाने पुसून, जराही घाई न करता ठसे पुन्हा घेतले. लहान मुलांच्या सहवासात जाणाऱ्या प्रत्येकाची तपासणी व्हायलाच हवी, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच अहवाल रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी हाती पडावा, हे फार खटकले. या सेवेकडे अर्ज दीड-दोन महिने आधीच करावा.